सावद्याचा रिपोर्ट थांबायचा तेव्हा

असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. पहिलं वाक्य ठरलेलं — "माझा या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता, पण..." त्या 'पण'वर मी नवऱ्याला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि आम्ही दोघं हसायचो. आज तेच वाक्य मला लिहावं लागतंय. माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही भूतबीत काही मी मानत नाही. मी फक्त जे झालं ते सांगते, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मी मूळची धुळ्याची, लग्नानंतर जळगावला आले. इथे केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. ऑफिस जळगावात, माल ठेवायची जागा सावद्याला. मी जळगावात एसीत बसून सावद्याची आकडेवारी बघणार... म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच ते.

सावद्याला आमची मोठमोठी हवाबंद चेंबर्स आहेत. कच्च्या केळीचे क्रेट आत रचले की जाड दार लावतात आणि यंत्राने आतला ऑक्सिजन उतरवतात. त्यामुळे केळी पिकायची थांबते आणि परदेशात पोचेपर्यंत टिकते. पण अशा हवेत माणूस काही मिनिटांत ग्लानी येऊन पडतो. म्हणून नियम असा, की दार लावण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करायची. प्रत्येक मजुराला कार्ड दिलेलं, आत जाताना आणि बाहेर येताना दाराजवळच्या मशीनला लावायचं. तिथला सुपरवायझर किशोर महाजन टॅबवर रिपोर्ट उघडणार, 'आत : शून्य' दिसलं की दार बंद करून बटण दाबणार.

हा रिपोर्ट माझ्या आधीच्या माणसाने बनवलेला. अकरा-अकरा मिनिटं उघडायचा नाही! कारण काय, तर दर वेळी तो सगळ्या चेंबर्सच्या जुन्या नोंदी पहिल्यापासून चाळत बसायचा. आमचे ऑपरेशन्सचे भारंबे सर माझ्या डोक्यावर बसले, की कंटेनर उशिरा निघतात, बंदरावर खोळंबा होतो, हे आधी सुधारा. मी तीन आठवडे घालवले, नको ती कॉलम्स काढली, इंडेक्स लावले, फक्त चालू पाळीच्या नोंदी वाचायला लावल्या. अकरा मिनिटांचा रिपोर्ट सहा सेकंदांत! भारंबे सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी घरी पेढे नेले, खोटं कशाला सांगू.

आणि मग दोन आठवड्यांनी किशोरचा फोन.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट परत झोपला. पाच मिनिटं झाली, नुसतं गोल फिरू राहिलं."

"नेट बघ आधी तुझं."

"नेट बरोबर आहे हो! बाकीचे सगळे रिपोर्ट उघडू राहिले, हाच नाही."

मी सर्व्हरवर बघितलं. क्वेरी, म्हणजे नोंदींतून आकडा काढणारी आज्ञा, चालू दिसत होती, पण ती काहीच करत नव्हती. लोड नाही, कशासाठी थांबलेली नाही, कोणी अडवलेली नाही. नुसती उभी. मी फोनवरच होते, तेवढ्यात किशोर म्हणाला, "लागला, लागला! आत शून्य... आं? अरे, हा कुठून निघाला?" आणि मग कोणावर तरी शिव्यांचा पट्टा सुरू झाला. टोळीतला एक जण विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला परत आत गेला होता. तो बाहेर आला आणि रिपोर्ट उघडला.

तुम्ही म्हणाल, त्याचं कार्ड आत दिसत असेल, म्हणून काहीतरी झालं असेल. तिथेच तर गोम आहे. आमच्याकडे मजूर टोळीने येतात आणि टोळीचा मुकादम असतो. केळी कापायच्या टोळीला जशी सवय, तशीच इथे — सगळ्यांच्या वतीने मुकादम बोलणार, हजेरी मुकादम देणार. तर या बहाद्दराने सगळ्यांची कार्डं एका सुतळीत ओवून स्वतःच्या कमरेला बांधलेली. काम संपलं की हा मशीनसमोर उभा राहून टक-टक-टक बाराच्या बारा कार्डं लावून मोकळा. मग एखादा परत आत गेला, तरी नोंदीत तो बाहेरच. म्हणजे आत माणूस आहे हे माझ्या डेटाला कळायला काही मार्गच नव्हता. तरी रिपोर्ट थांबला.

तेव्हा मी योगायोग म्हटलं आणि विसरून गेले.

आता सुपडूभाऊंबद्दल सांगते. सुपडूभाऊ यावलकडचे, पन्नाशीचे, चेंबरमधल्या तापमानाचं काम बघायचे. क्रेटमधल्या केळीत थर्मामीटरचा प्रोब खुपसायचा, त्याची वायर नीट बसवायची, हे काम त्यांचं. कानाने जरा कमी ऐकायचे, त्यामुळे स्वतःही मोठ्याने बोलायचे. मी महिन्यातून एकदा सावद्याला जायचे तेव्हा हा माणूस हमखास मला चिडवायचा.

"मॅडम, तुमी दिवसभर खुर्चीत बसून काय करता हो?"

"भाऊ, तुमची केळी मोजते."

"मंग एखादी खात बी जा! नुसत्या मोजून पोट भरते का?"

आणि मी निघताना गाडीत केळीची फणी ठेवलेली असायची. मला या माणसाचं भारी कौतुक वाटायचं. कंपनीत मला 'मॅडम' म्हणणारे पुष्कळ होते, पण मी जेवले की नाही हे विचारणारे तेवढे एकच.

मार्चमध्ये परत तसंच झालं. भर दुपारी किशोर फोनवर वैतागलेला, रिपोर्ट नऊ मिनिटं अडकलेला, मी इकडे सर्व्हरसमोर हात चोळत बसलेली. आणि फोनमध्ये किशोरच्या मागून मला सुपडूभाऊंचा आवाज आला — "काय झालं रे बोंबलाले?" ते शांतपणे चेंबरमधून बाहेर येत होते. मागच्या रांगेतला प्रोब निसटला म्हणून बसवायला गेले होते. किशोर आत तोंड घालून दोनदा ओरडला होता, यांना ऐकूच गेलं नव्हतं. त्यांचंही कार्ड मुकादमाच्याच सुतळीत, त्याने ते कधीच बाहेर लावलेलं.

"मॅडम... लागला रिपोर्ट," किशोर म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता त्याचा.

पुढच्या आठवड्यात सुपडूभाऊ औषध घ्यायला जळगावला आले, ते मुद्दाम ऑफिसात आले. घरच्या शेंगदाण्याची चटणी आणली होती, वर कागदाला तेल सुटलेलं. म्हणाले, "घरी सांगितलं मी. ऑफिसचा कम्प्युटर माह्यासाठी थांबेल होता म्हणून. बाई म्हने, त्या मॅडमले काहीतरी नेऊन द्या."

"भाऊ, तसं काही नसतं हो. मशीन आहे ते. अडकतं कधीकधी."

"असंल. पण अडकलं तवाच अडकलं ना?"

मी चटणी घेतली. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. शेवटी एके दिवशी मी सर्व्हरचा लॉग काढला. सहा सेकंदांच्या वर रिपोर्ट किती वेळा गेला? पाच वेळा. मग सावद्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागवलं आणि वेळा जुळवत बसले. एकदा कॅमेरा बंद होता. उरलेल्या चारही वेळा दारातून एक माणूस बाहेर येताना दिसला. त्याचा पाय बाहेर पडला की पुढच्या दोन सेकंदांत रिपोर्ट पूर्ण. चारही वेळा!

पुण्याच्या ज्या लोकांकडे सर्व्हरची देखभाल आहे त्यांना लॉग पाठवला. त्यांनी दोन दिवस बघून उत्तर दिलं, की काहीही बिघाड नाही, क्वेरी एवढा वेळ का थांबली ते सांगता येत नाही.

इथे कोणी शहाणी बाई असती तर तिने काय केलं असतं? गप्प राहिली असती, थांबतंय ते थांबू दिलं असतं. निदान मुकादमाची सुतळी तोडायला लावली असती. तसं सुपडूभाऊंच्या प्रसंगानंतर किशोरने नोटीस लावली होती, ज्याचं त्याने कार्ड लावावं म्हणून. दोन दिवस पाळली, तिसऱ्या दिवसापासून पालथ्या घड्यावर पाणी. मी ते कॅमेऱ्यात माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण कार्डं हा माझा विषय नाही, माझा विषय रिपोर्ट — असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मला राग येत होता. खरंच सांगते, भीतीपेक्षा रागच जास्त. माझी क्वेरी, मी लिहिलेली, तिच्यातली ओळ न् ओळ मला पाठ, आणि ती मला न विचारता थांबते म्हणजे काय? भारंबे सर एकदा म्हणालेच, "अहो, सहा सेकंदांचं कौतुक झालं, मग हे मध्येच काय?" माझं अप्रेझल तोंडावर आलेलं. शिवाय मी असल्या गोष्टींना घाबरत नाही, हे मला मलाच दाखवून द्यायचं होतं.

तर मी असं केलं. रिपोर्ट थेट नोंदींवर चालवायचाच नाही. दर पाच मिनिटांनी पाठीमागे आपोआप हिशेब होईल — आम्ही त्याला रिफ्रेश म्हणतो — आणि किशोरला टॅबवर आधीचा तयार आकडा ताबडतोब दिसेल. पाठीमागचा रिफ्रेश अडकला तरी त्याच्यासमोर स्क्रीन अडकणार नाही, शेवटचा आकडा दिसत राहील. खाली बारीक अक्षरांत 'शेवटचा रिफ्रेश अमुक वाजता' एवढं येईल, ते कोण वाचतंय? रिफ्रेश दोन मिनिटांच्या वर गेला तर मेसेज फक्त माझ्या मोबाइलवर. भारंबे सरांना मी सांगितलं की आकडा जास्तीत जास्त पाच मिनिटं जुना असेल. ते म्हणाले, चालेल. मीही म्हटलं, चालेल.

महिनाभर सगळं सुरळीत. स्क्रीन एका सेकंदात उघडायची. मला बढती मिळाली.

मेमध्ये भावाच्या साखरपुड्यासाठी मी धुळ्याला माहेरी गेले. दुपारची जेवणं लांबलेली. पाहुण्यांची पंगत बसलेली, मी आमरस वाढत होते. तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. सावदा, चेंबर पाच, रिफ्रेशला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय.

मी तो मेसेज वाचला. त्याचा अर्थ काय, हे या जगात फक्त मला माहीत होतं. किशोरचा नंबर काढला. अंगठा नंबरावर होता माझा... आणि मग वाटलं, त्याला सांगणार काय? माझा रिपोर्ट अडकलाय म्हणून आत माणूस आहे का बघ? उद्या सगळ्या कंपनीत हसं होईल, मॅडमच्या अंगात आलंय म्हणतील. एवढं सगळं मी केलं ते हे असं फोन करत बसायला? तेवढ्यात कोणीतरी रस मागितला. मी मोबाइल परत खोचला.

पण चैन पडेना. वाढता वाढता सारखा हात कमरेकडे जायचा. चार वाजून चार मिनिटांनी दुसरा मेसेज आला. रिफ्रेश पूर्ण. लागलेला वेळ एकोणीस मिनिटं.

मी सुटकेचा श्वास सोडला. सुटला म्हणजे आलं कोणीतरी बाहेर. मी स्वतः आमरसाची वाटी भरून घेतली आणि जेवायला बसले. देवा... जेवले मी!

संध्याकाळी सात वाजता किशोरचा फोन आला. सुपडूभाऊ घरी पोचले नाहीत म्हणून त्यांच्या घरून फोन आला होता. कार्ड बाहेर लागलेलं, म्हणून सगळे म्हणत होते की ते कधीच गेले. मग कोणीतरी बघितलं, त्यांची मोटरसायकल अजून स्टँडलाच होती. चेंबर पाच उघडलं. दारापासून चार पावलांवर पडले होते. आतून दार उघडायचं हँडल असतं, तिथपर्यंत पोचले नव्हते.

नंतर मी सगळ्या वेळा जुळवल्या. तीन चाळीसच्या रिफ्रेशला टोळी बाहेर, सुपडूभाऊही बाहेर, आकडा शून्य. त्यानंतर प्रोबसाठी ते परत आत गेले. तीन पंचेचाळीसला रिफ्रेश सुरू झाला आणि अडकला. किशोरच्या टॅबवर मात्र तीन चाळीसचं शून्य झळकत होतं. रिपोर्ट लगेच उघडतोय म्हटल्यावर तो थांबतो कशाला? आत एक हाक मारली, उत्तर आलं नाही, तीन सेहेचाळीसला दार लावून बटण दाबलं. माझा जुना रिपोर्ट असता तर तो थांबला असता, किशोर शिव्या देत दारातच उभा राहिला असता आणि सुपडूभाऊ आपल्या पायांनी बाहेर आले असते.

आणि रिफ्रेश संपला चार वाजून चार मिनिटांनी. दार तर सातच्या जरा आधी उघडलं. मग चार वाजून चार मिनिटांनी बाहेर कोण आलं? कोणीच नाही. रिफ्रेश आत माणूस असेपर्यंत थांबायचा असं मी धरून चालले होते. तो आत जिवंत माणूस असेपर्यंत थांबत होता.

चौकशी झाली. मुकादमावर आणि किशोरवर ठपका आला. माझं नाव कुठेच नाही, उलट अहवालात लिहिलंय, की रिपोर्ट उपलब्ध नोंदींप्रमाणे बरोबर होता. बरोबरच होता तो! नोंदीत सुपडूभाऊ बाहेरच होते. भारंबे सर मला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, यात तुमचा काय दोष?" मी त्यांच्यासमोर लॉग ठेवला. त्यांनी बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "योगायोग." मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

पूर्ण खरं मी फक्त आईला सांगितलं. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई कोनले सांगजो नको, बेटा. जे व्हयनं ते व्हयनं. आते बठ्ठं सोडी दे." तिचं ऐकून सगळं सोडून दिलं असतं तर हे लिहिलं नसतं. पण सुटत नाही हो.

तो रिपोर्ट का थांबायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुण्याच्या लोकांकडे नाही. त्या चेंबरमध्ये आधी कोणी दगावलं होतं का, तेही मी विचारून बघितलं. इमारत नवी, आधी तिथे केळीचाच मळा होता, कोणाला काही माहीत नाही. कोण थांबवत होतं, कोणासाठी, आणि ते मला का सांगत होतं... मला ठाऊक नाही. सगळं परत पूर्वीसारखं थेट नोंदींवर केलंय मी. आता प्रत्येक जण स्वतःचं कार्ड लावतो. त्या दिवसापासून रिपोर्ट एकदाही थांबलेला नाही.

तेराव्यानंतर मी यावलकडे त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला तिथे सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हटलं. मला बघून त्या उठल्या, माझ्यासाठी सतरंजी टाकली. मी चटणीवाली मॅडम हे त्यांना न सांगता कळलं. रडून रडून आवाज बसला होता. मी भिंतीकडे बघत बसले.

मग त्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एक इचारू? डॉक्टर म्हने, झटक्यात गेले, त्याहीले काही समजलं बी नसंल. सगळे मले तसंच सांगतात. पन ते माह्या समाधानासाठी सांगत असतील. तुमी खरं सांगा. लगेच गेले ना ते?"

"हो अक्का," मी म्हटलं. "लगेच."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "बरं झालं तुमी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशी सगळी नोंद ऱ्हाते ना."